अस्तर, पातळ

सारडा सर्कलच्या आत, गिरणीला लागून माझं दुकान.
रिक्षाचे हूड, जीपचे पडदे, ट्रॅक्टरच्या सीटा.
'सर्व लक्झरी गाड्या' हे मुलाने पाटीवर मागाहून रंगवलं,
आणि त्या एका ओळीच्या भरवशावर
जानेवारीत, थंडीत, सकाळी
दोन गाड्या दारात.

पहिली सोनजे साहेबांची. काळी, कापडी छपराची.
वीस वर्षांचं कापड, कडा पांढुरलेल्या,
मागच्या काचेपाशी शिवण उसवून बोटभर फट.
मी बोट घालून पाहिलं, तर आत बसलेल्या साहेबांनी
ते हलकेच चिमटीत धरलं.
शाळेतल्या पोरासारखे हसले.

दुसरी केतकीताईंनी शोरूममधून ट्रायलला आणलेली,
पत्र्याचं छप्पर, बटणावर मिटणारं.
"मुनाफभाई, खरं सांगा, कुठलं चांगलं?"
मी शिवणारा माणूस. हे म्हणजे
दाढी वाढवू का, असं न्हाव्याला विचारणं.

तरी खरंच सांगितलं.
कापडाला ऊन खातं, पाखरांची शीट खाते,
ओलं मिटलं तर बुरशी धरतं,
कुणी ब्लेड फिरवलं तर संपलं.
पत्र्याखाली दार ओढलं की द्वारका चौक
लांब, कुणा दुसऱ्याच्याच गावात वाजत राहतो.

"तेच हवंय," ताई म्हणाल्या.
"बाबांच्या कानात मशीन आहे.
कापडाखाली त्यांना चाकं ऐकू येतात, मी नाही.
धरणापर्यंत मी बोलत असते
आणि ते मान हलवतात, भलत्याच जागी."

सातपूरला, प्रेसच्या शेजारी
चाळीस वर्षं उभे राहिलेले ते कान.
साहेब तेव्हा माझ्या टेबलावरचं कापड
दोन बोटांत चोळून बघत होते.

मग बटण दाबलं गेलं.
गल्ली गोळा झाली. गिरणीवाला पांढऱ्या भुवयांनिशी आला.
काचा उतरल्या, डिकी उलटीकडून उघडली,
छपराचे तीन तुकडे एकमेकांवर चढू लागले
आणि अधांतरी थांबले.
टूं. टूं. टूं.
शोरूमचा पोरगा पुस्तक चाळू लागला.
डिकीत एक थर्मास होता, आणि द्राक्षांची पेटी.
छपराला निजायला जागाच नव्हती.
थर्मास आत कुणी ठेवला, हे कुणी कबूल केलं नाही.

ताई पोराशी बोलत होत्या तेवढ्यात साहेब जवळ आले,
माझ्या कानाशी वाकले
आणि बहिरा माणूस कुजबुजतो तसे कुजबुजले:
गिरणीपलीकडच्या पानाच्या टपरीपर्यंत.
"ती कारखाना विकायचं बोलते. रोज.
कापडाखाली मला ऐकू येत नाही, बरं पडतं."

वर छप्पर नव्हतं. आवाज अडणार कुठे?

गिरणीवाल्याने खाली पाहिलं.
ताईंनी डिकीतून थर्मास काढला, पेटी काढली,
छप्पर आपसूक मिटलं, काही झालंच नाही असं.
त्यांनी चहा ओतला. पहिला कप बाबांना.
कुणीच काही बोललं नाही, आणि ते साहेबांना
नीट ऐकू आलं असावं.

काळी गाडी माझ्याकडे राहिली.
मी शिवण उसवली, सुती आवरणाचा दोरा घेतला.
सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती, हे बापाने शिकवलेलं.
पण हा दोरा भिजला की फुगतो,
आणि आपलं भोक आपणच बुजवतो.

आठवड्याने ताई एकट्याच आल्या.
आत बसल्या, दार ओढलं,
गिरणी ऐकत राहिल्या बराच वेळ.
मग काच खाली करून विचारलं,
"आतून नमदा लावता येईल? आवाज कमी व्हायला?
फक्त बाबांच्या बाजूला."

मी म्हटलं, ताई, नमदा असा अर्धा बसत नाही.
एकीकडे जाड झालं की शिवण दुसरीकडून ओढते.

"मग दोन्हीकडे लावा," त्या म्हणाल्या.
जरा थांबल्या.
"पण पातळ."